उन्नतीचं दृढीकरण

आपण ख्रिस्ती आहोत असं एलिसाने सांगितलं की वसईत पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "कुठल्या चर्चच्या तुम्ही? गिरीज, नंदाखाल, की आणखी कुठल्या?" मग ती हसून सांगायची, आम्ही कॅथलिक नाही, लुथरन. आमचं चर्च म्हणजे एका शाळेचा हॉल, रविवारी दुपारपुरता भाड्याने घेतलेला. घरं थोडकीच, पाळक मुंबईहून येतात, आणि उपासना झाली की बाकं पुन्हा होती तशी लावून ठेवावी लागतात.

एलिसाचं माहेर दूर सौंसरकडचं. तिथे तिच्या आजोबांपासून सगळे लुथरन, घंटा असलेलं लहानसं चर्च घराच्या अंगणातून दिसायचं. लग्न होऊन ती वसईला आली, जेम्स पाटोळेच्या फ्लॅटमध्ये. जेम्स मुंबईत औषधांच्या एका गोदामात होता. भल्या सकाळी जायचा, दिवेलागणीला यायचा. दोन मुली. थोरली उन्नती आठवी संपवून नववीत जाणार होती, धाकटी ऋतिका दुसरीत.

एलिसा स्वतः वसई पूर्वेला शाळेची दप्तरं शिवणाऱ्या एका गाळ्यात सुपरवायझर होती. जून उजाडायच्या आत सगळ्या दुकानांना दप्तरं हवी असतात, त्यामुळे मे महिन्यात तिथे मशीन थांबत नसे आणि एलिसाही. रविवारी ती चर्चच्या मंडळीतल्या लहान मुलांचं संडे स्कूल, म्हणजे बायबलच्या गोष्टींचा वर्ग, घ्यायची. महिला मंडळाची चिटणीस तीच. आणि मंगळवारी नि शुक्रवारी, कामावर जाण्याआधी, खाडीकाठच्या गावातून श्रीपतकाकांना आणि सोबतीला त्यांच्या बायकोला, शकूकाकूंना, आपल्या जुन्या व्हॅनमधून डायलिसिसला सोडायची. हे काम गिरीजच्या स्टॅनीने सुरू केलं होतं. त्याच्या वडिलांना शेवटच्या वर्षात डायलिसिससाठी रिक्षा शोधताना जे हाल काढावे लागले, ते बघून त्याने ओळखीच्या गाडीवाल्यांना गोळा केलं होतं. एलिसा सकाळी पोचवायची, स्टॅनी केळीच्या वाडीतलं काम उरकून दुपारी परत आणायचा.

तर अशा त्या मे महिन्यातल्या एका संध्याकाळी चौघं जेवायला बसलेली असताना उन्नती म्हणाली, "मम्मी, मी यंदा दृढीकरण घेणार नाही."

एलिसा ऋतिकाच्या पानातले बोंबलाचे काटे काढत होती. "बरं," ती म्हणाली, कारण तिचं अर्धं लक्ष उद्या निघायच्या मालात होतं. मग शब्द आत पोचले आणि तिचा हात थांबला. "काय म्हणालीस?"

बाप्तिस्मा मुलाला कळायच्या आधी आईबापांनी दिलेला असतो. चौदा-पंधराव्या वर्षी मूल स्वतः मंडळीपुढे उभं राहतं आणि सांगतं, हो, हा विश्वास माझा आहे. त्याला म्हणायचं दृढीकरण. पेंटेकॉस्टच्या सणाच्या रविवारी मंडळीतली चार मुलं उभी राहणार होती. उन्नतीच्या पांढऱ्या ड्रेसचं कापडसुद्धा घरात येऊन पडलं होतं.

"का पण? तुला देव खोटा वाटायला लागला का?"

"देवाचं नाही ग," उन्नती ताटाकडे बघत म्हणाली. "मला तुझ्यासारखं व्हायचं नाही."

जेम्सने वर पाहिलं. एलिसाने नुसतं तिच्याकडे बघितलं, आणि ते बघणं असह्य होऊन पोरीच्या तोंडून सगळं भडाभडा बाहेर आलं. "तू पेशंटचं करतेस, संडे स्कूलचं करतेस, महिला मंडळाचं करतेस. आणि घरी येतेस तेव्हा तुझ्याशी बोलायची भीती वाटते. झोपायच्या आधीच्या प्रार्थनेत तू एक डोळा उघडून घड्याळ बघतेस. मी पाहिलंय. गाळ्यात तुला एक शेठ आहे, आणि वर दुसरा. मला दुसरा शेठ नकोय."

"वर म्हणजे चौथ्या मजल्यावर?" ऋतिकाने विचारलं.

कुणी हसलं नाही.

"मंडळीत मी काय तोंड दाखवू?" एलिसाचा आवाज चढला. "दुसऱ्यांच्या पोरांना शिकवणारी मी, आणि माझीच मुलगी..." वाक्य तिने पुरं केलं नाही. तिचं तिलाच ऐकू आलं होतं, की पोरीच्या प्रश्नावर आपण लोक काय म्हणतील ते सांगत बसलोय. उन्नती ताट घेऊन उठली.

भांडी पुसता पुसता जेम्स हळूच म्हणाला, "तू हाताला धरून उभी केलीस तर ती राहील उभी. एवढी काही हट्टी नाही ती. पण मग 'हो' कोण म्हणालं, ती की तू?"

"तू तिचीच बाजू घे."

"मी कुणाचीच घेत नाहीये. पोरगी खोटं 'हो' म्हणत नाहीये, एवढंच बघतोय."

एलिसाला ते पटलं नाही. रविवारी उपासना संपल्यावर तिने पाळक ठोंबऱ्यांना गाठलं. सलाम करून सगळं सांगितलं, आणि त्यांनी उन्नतीला चार शब्द समजावून सांगावेत म्हणून वाट बघत उभी राहिली. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "दृढीकरणाच्या वर्गाला बसते का ती माझ्या?"

"बसते. आजही होती."

"मग बसू दे. बसतेय म्हणजे दार लावून घेतलेलं नाही. पण एलिसाबाई, पुढचे दोन-तीन रविवार तुम्ही संडे स्कूल घेऊ नका."

"म्हणजे? मग मुलांना कोण बघणार?"

"विचारा कुणाला तरी."

एलिसाला शिक्षा झाल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं तापात, पावसात, एकदा तर पायाला पट्टी बांधून तिने तो वर्ग घेतला होता. तोंड एवढंसं करून ती सरोजिनीबाईंकडे गेली. सरोजिनीबाई म्हणजे निवृत्त शिक्षिका, मंडळीतल्या सगळ्यांत जुन्या. दर रविवारी पहिल्या बाकावर बसायच्या. एलिसाने आढेवेढे घेत विचारलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, कधीपासून वाट बघतेय मी! मागे एकदा विचारलंही होतं तुला. तू म्हणालीस, नको बाई, माझं मी बघते. मला वाटलं तुला हाताशी कुणी नकोच असतं."

एलिसाला ते मुळीच आठवत नव्हतं. पण आपण तसं म्हणालो असणार, याची तिला खात्री पटली.

त्याच आठवड्यात शुक्रवारी पहाटे श्रीपतकाकांचा फोन आला. "बाय, आज नको येऊ. शकूला ताप हाय. माझ्यासंगती बसनार कोन? पुढच्या येळी बघू."

"असं कसं, काका? मागे एकदा डायलिसिस चुकलं तर केवढी सूज आली होती पायांवर. थांबा, बघते मी."

तिने दोन-तीन फोन केले. एक जण गावाला गेला होता, दुसरीच्या घरी लग्न. स्टॅनी दुपारशिवाय सुटणार नव्हता. आणि गाळ्यात आज मोठा माल ट्रकमध्ये चढायचा होता. ती नसेल तर एकही खोकं हलणार नाही असं शेठने काल बजावून सांगितलं होतं. एलिसा ओट्याला टेकून फोनकडे बघत राहिली.

"मी बसते त्यांच्याजवळ," स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. उन्नती झोपाळल्या डोळ्यांनी उभी होती.

"तू?"

"सुट्टीच आहे. तशीही लोळतच पडणार होते."

त्या संध्याकाळपासून दोघींमध्ये कामापुरतंच बोलणं होतं. एलिसाने जास्त काही विचारलं नाही. ऋतिकाला शेजारच्या आजींकडे ठेवून दोघी निघाल्या. केळीच्या वाड्या मागे पडल्या, मग दोन्हीकडे उन्हाने भेगाळलेली भातखाचरं लागली आणि खाडीचा वास आला. श्रीपतकाका रस्त्यावर येऊन उभेच होते, धुतलेल्या सदऱ्यात, हातात चादरीची पिशवी. उन्नतीने उतरून त्यांना आधार दिला, मागच्या सीटवर बसवलं नि स्वतः त्यांच्याशेजारी बसली.

थोडं अंतर गेल्यावर काका म्हणाले, "आज गाना नाय, बाय?"

एलिसाने आरशात पाहिलंच नाही.

"कसलं गाणं?" उन्नतीने विचारलं.

"तुझी आय गाते ना गाडीत. दोन तरी होतात तिथं पोचेपर्यंत."

"गुणगुणते हो काहीतरी," एलिसा घाईने म्हणाली. "झोप येऊ नये म्हणून."

"गुनगुनते कसली, चांगली मोठ्यानं गाते! आमची शकू तर एक शिकली पन. झाडांना पानी घालताना तेच चालू असतं तिचं. शब्द नाय येत सगळे, चाल येते."

उन्नतीने पुढे वाकून आईकडे असं पाहिलं, जणू ही कोण बाई गाडी चालवतेय. "मम्मी, तू गातेस?"

एलिसाचे कान तापले. तिला तेव्हाच कळलं की ती खरंच गाते. सौंसरच्या चर्चमधली, वडिलांनी शिकवलेली गीतं, गळा मोकळा सोडून. घरी गेल्या कित्येक वर्षांत तिने एक ओळसुद्धा म्हटली नव्हती. "म्हण ना," उन्नती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मग एलिसाने घसा साफ केला आणि सुरुवात केली. आधी दबकत, पुढे फाटक ओलांडल्यावर जरा मोकळेपणाने. श्रीपतकाका मांडीवर ताल धरून बसले होते.

सेंटरवर नर्सला सगळं समजावून, उन्नतीला पुन्हा पुन्हा बजावून ती कामावर गेली. दिवसभर तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. ट्रक भरताना दोनदा तिने निळ्या दप्तरांच्या खोक्यावर लाल म्हणून लिहिलं. पोरगी सुया बघून घाबरली तर? काकांचं ब्लडप्रेशर उतरलं तर? दुपारी स्टॅनीचा फोन आला. "पोचवलं दोघांना. काकांना त्यांच्या घरी, तुझ्या पोरीला तुझ्या. भारी आहे हां मुलगी. नर्सबाई विचारत होती, परत कधी येणार म्हणून."

संध्याकाळी एलिसा घरी आली तेव्हा उन्नती बाल्कनीत बसली होती. एलिसा पर्स न ठेवताच तिच्याजवळ खाली बसली. "सांग," ती म्हणाली.

उन्नतीने सांगितलं. सुई टोचताना तिला घेरी आल्यासारखं झालं होतं, पण काकाच तिला म्हणाले, तिकडं खिडकीत बघ. मग त्यांनी खाडीच्या गोष्टी सांगितल्या. बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं की काय होतं, ते सांगितलं. नंतर विचारलं, तुमचं चर्च स्टॅनीच्या चर्चपेक्षा वेगळं कशाला?

"मग तू काय सांगितलंस?"

"पाळकसाहेब वर्गात सांगतात तेच. की आमच्यात असं मानतात, देवाची कृपा कमवावी लागत नाही. ती आधीच देऊन टाकलेली असते, फुकट." उन्नती थांबली. "तर ते म्हणाले, मग तुझी आई एवढी धावते ती कशासाठी? मी म्हटलं, आजोबा, मी तेच तर विचारतेय तिला."

"मग?"

"मग त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपले. आणि मग म्हणाले, 'ते काय मला म्हाईत नाय. पन ती गाडीत गाते ना, तवा धावत नसते.'"

खाली रस्त्यावर पाववाल्याची सायकल भोंगा वाजवत गेली.

"घरी का नाही गात तू?" उन्नतीने विचारलं.

चटकन एखादं छानसं उत्तर द्यावं, असं एलिसाला वाटलं. संडे स्कूलमध्ये ती अशी उत्तरं दर रविवारी देत असे. पण पोरगी वाट बघत होती, आणि ती खोटं चटकन ओळखायची.

"गाडीत पोचेपर्यंत मला कुणी हाक मारत नाही," एलिसा सावकाश म्हणाली. "मला ते काम मनापासून आवडतं, उन्नती. काकांना सोडायला आवडतं, मुलांना गोष्टी सांगायला आवडतं. कुणी सांगितलं म्हणून नाही करत मी. पण सगळं आवडतं म्हणून सगळंच हातात घेत गेले. आणि घरी येईपर्यंत आवडणं संपून जातं, नुसता थकवा उरतो."

"म्हणजे आम्हाला उरलेलं."

"हो." एलिसाने कबूल केलं. "तुमच्यापुढे चेहरा हसरा ठेवावा लागत नाही ना, म्हणून. बाहेरच्यांसाठी ठेवते, घरच्यांसाठी नाही. हे चुकलंच माझं."

उन्नतीने आईच्या खांद्यावरची पर्स काढून बाजूला ठेवली. ती उठली नाही. आतून ऋतिका हाका मारत राहिली आणि त्या दिवशी एलिसाने तिला सांगितलं, "थांब जरा, बाळा, ताईशी बोलतेय."

एका संध्याकाळीत माणूस बदलत नाही. एलिसाही बदलली नाही. पण तिने काही गोष्टी हातातून सोडल्या. संडे स्कूल सरोजिनीबाईंकडेच राहू दिलं, आपण महिन्यातून एक रविवार घ्यायचं ठरवलं. सुरुवातीला फार जड गेलं. बाई मुलांना काही वेगळ्याच पद्धतीने शिकवत होत्या आणि मुलं, सांगायलाच नको, मजेत होती. महिला मंडळाच्या बैठकीत तिने चिटणीसपद सोडल्यावर लगेच मागून कुणीतरी म्हणालं, "अगं बाई, मग मी करते की!" व्हॅन मात्र तिने सोडली नाही. सुट्टी संपेपर्यंत दर शुक्रवारी उन्नती मागच्या सीटवर असायची. शकूकाकू तापातून उठल्या तरी ती येतच राहिली. आता गाडीत तिघी गायच्या, आणि शकूकाकू जिथे शब्द अडायचे तिथे आपल्या पदरचे घालायच्या. त्यावरून उन्नतीला इतकं हसू यायचं की एकदा एलिसाला गाडी कडेला घ्यावी लागली.

पेंटेकॉस्टचा रविवार आला. पुढे तीन मुलं उभी राहिली, उन्नती राहिली नाही. ती आईच्या शेजारी बाकावर बसली होती, पलीकडे जेम्स, एलिसाच्या मांडीवर ऋतिका. मुलांनी एकेक करून "हो" म्हटलं, तेव्हा एलिसाला वाईट वाटलंच. खोटं कशाला सांगा. शेजारच्या बाकावरून दोन-तीन जणी वळून बघतायत, हेही तिला कळत होतं. पण ती किती तरी वर्षांनी उपासनेत नुसती बसली होती. तिला कुणाला खडू द्यायचा नव्हता, कुणाला गप्प करायचं नव्हतं, चहाचं पाणी चढलं का ते बघायचं नव्हतं. पाळकसाहेबांचं प्रवचन तिने सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं. मधेच तिच्या लक्षात आलं, की उन्नतीचा खांदा आपल्या खांद्याला टेकलेला आहे आणि तो तिने काढून घेतलेला नाही. त्या घटकेला तिने मनातल्या मनात काही मागितलं नाही. देवा, तुझे उपकार, एवढंच म्हणाली.

शाळा सुरू झाली, दप्तरांचा सिझन संपला, पाऊस येऊन गेला. गणपतीनंतर एक दिवस जेम्स म्हणाला, "पाळकसाहेब विचारत होते, ड्रेस शिवायला टाकला का म्हणून."

"कसला ड्रेस?"

"उन्नतीचा. तिने त्यांना फोन केला होता. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घेते म्हणाली." जेम्स तिचा चेहरा बघून चाचरला. "तुला सांगितलं नाही वाटतं अजून?"

एलिसा आधी रागावली. आईला सगळ्यांत शेवटी कळावं! मग तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. तिने उन्नतीला जाऊन विचारलं नाही. दोन दिवसांनी उन्नतीनेच येऊन सांगितलं, अगदी सहज, केसांना तेल लावता लावता. "आणि मम्मी, मी तुझ्यासाठी म्हणून घेत नाहीये हं."

"ठाऊक आहे मला," एलिसा म्हणाली.

लुथरन मंडळीत ऑक्टोबरचा शेवटचा रविवार म्हणजे त्यांचा पंथ ज्यातून निघाला त्या धर्मसुधारणेची आठवण, मोठाच सण. हॉल झेंडूच्या माळांनी सजवला होता. उन्नती एकटीच उभी राहणार होती. स्टॅनी आपल्या चर्चची सकाळची मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, आटोपून आला होता, आणि त्याच्या गाडीतून श्रीपतकाका आणि शकूकाकू. शकूकाकूंनी नव्या भाताचे पोहे आणले होते, पिशवीभर. त्या पहिल्यांदाच अशा ठिकाणी आल्या होत्या. चपला बाहेर काढून आल्या आणि इतर सगळे चपला घालून बसलेले बघून गोंधळल्या. तेव्हा सरोजिनीबाईंनी आपल्याही चपला काढल्या आणि त्यांना जवळ बसवून घेतलं. पहिलं गीत सुरू झालं तशी शकूकाकूंची मान वर झाली. "हे मला येते!" त्या मोठ्याने म्हणाल्या, आणि हॉलभर हशा पिकला.

पाळकसाहेबांनी उन्नतीला प्रश्न विचारले. तिने एकेक उत्तर दिलं, घाई न करता, आणि शेवटचं "हो" म्हणायच्या आधी ती जराशी थांबली. त्या थांबण्यात एलिसाचा जीव अडकला. मग उन्नती "हो" म्हणाली, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात.

"आईवडिलांनी पुढे यावं," पाळकसाहेब म्हणाले.

उन्नती गुडघे टेकून बसली. जेम्सने आणि एलिसाने तिच्या डोक्यावर हात ठेवले, त्यांच्या हातांवर पाळकसाहेबांनी आपला हात ठेवला आणि प्रार्थना सुरू केली. एलिसाच्या हाताखाली पोरीचं ऊबदार डोकं होतं. हे सगळं, ही मुलगी, हा नवरा, मागे बसलेली ही भाड्याच्या हॉलमधली माणसं, आपण कमवलेलं यातलं काहीच नाही, असं तिला त्या क्षणी लख्ख दिसलं. तिने हात आणखी घट्ट ठेवला.

"मम्मी," खालून कुजबुजता आवाज आला, "हळू ना. केस विस्कटतील."

"गप्प बस," एलिसा कुजबुजली, आणि हात तसाच ठेवून रडता रडता हसली.